दोन विंडो, उलटा क्रम : १६३ टॅब कुठे गेले आणि कसे परत आले

संध्याकाळी काम संपलं तेव्हा फायरफॉक्सच्या दोन विंडो उघड्या होत्या. मोठ्या विंडोत १६३ टॅब होते आणि त्यातले सहा पिन केलेले होते. छोटीत एकच टॅब होता. दुपारची व्हिडिओ बैठक पडद्याच्या एका बाजूला ठेवता यावी म्हणून तो ओढून वेगळा काढला होता. वापरकर्ती भाषांतराचं काम करते, त्यामुळे मोठ्या विंडोत शब्दकोश, मूळ लेखांची पानं, अर्धवट वाचलेले संदर्भ आणि एक अर्धा भरलेला अर्ज असं सगळं होतं. तिने आधी मोठी विंडो कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली. मागे छोटी दिसली, तीही बंद केली.

सकाळी ब्राउझर उघडला तर समोर संपलेल्या बैठकीचं पान. बाकी काहीच नाही, पिन केलेले टॅबसुद्धा नाहीत. 'मागच्या विंडो आणि टॅब उघडा' हे सेटिंग चालू होतं, आणि ते कितीतरी महिने बिनचूक काम करत आलं होतं. ब्राउझर नीट सुरू झाला नसेल असं समजून तिने तो बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा तेच एक पान.

सेटिंगने आपलं काम केलंच होतं

या प्रकरणात काहीही बिघडलेलं नव्हतं, आणि शोध इथूनच सुरू करायला हवा. 'मागचं सत्र' म्हणजे काय, याचा ब्राउझरचा अर्थ आणि माणसाचा अर्थ वेगळा असतो. माणसाच्या मनात 'काल मी काम करत होते ते सगळं' असतं. ब्राउझरच्या लेखी मात्र सत्र म्हणजे प्रोग्राम बंद होण्याच्या क्षणी जे उघडं होतं ते. मोठी विंडो फुलीने बंद केली तेव्हा छोटी अजून चालू होती, म्हणजे प्रोग्राम चालूच होता. त्यामुळे फायरफॉक्सने त्या कृतीचा अर्थ 'या १६३ टॅबांचं काम संपलं' असा लावला आणि ते 'नुकत्याच बंद केलेल्या विंडों'च्या यादीत टाकले. छोटी विंडो शेवटची होती. तिच्यासोबत प्रोग्राम बंद झाला, म्हणून सत्र म्हणून नोंद झाली ती फक्त तिची.

आता याच्याशी वीज गेल्याची तुलना करा. वापर चालू असताना फायरफॉक्स सत्राची नोंद साधारण दर १५ सेकंदांनी डिस्कवर लिहितो. अबाउट:कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगांच्या पानावर) या अंतराचा आकडा १५००० मिलिसेकंद असा दिसतो. दोन्ही विंडो उघड्या असताना वीज गेली असती, तर सकाळी दोन्ही परत आल्या असत्या आणि नुकसान झालंच असतं तर शेवटच्या काही सेकंदांचं. म्हणजे संगणक अचानक बंद पडणं इथे व्यवस्थित पण उलट्या क्रमाने बंद करण्यापेक्षा सुरक्षित ठरलं असतं. ही गोष्ट एकदा नीट कळली की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात.

पिन केलेल्या टॅबांबद्दल गैरसमज फार आहे. पिन केल्याने टॅब डावीकडे चिकटतो, छोटा होतो आणि चुकून बंद होणं अवघड होतं. पण तो असतो त्याच विंडोचा. विंडो गेली की पिनसकट तोही जातो.

परत आणताना : आधी प्रत, मग प्रयोग

अशा वेळी पहिला मोह होतो तो ब्राउझर पुन्हा पुन्हा सुरू करून बघण्याचा. तो टाळायचा, कारण प्रत्येक वेळी सुरू होताना जुन्या नोंदी पुढे सरकतात आणि त्यातल्या काही पुसल्या जातात.

पहिली पायरी प्रत काढण्याची. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:सपोर्ट लिहून (रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता) एंटर केलं की एक तक्ता उघडतो. त्यात 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ असते आणि शेजारी तो उघडण्याचं बटण. त्या फोल्डरमध्ये 'सेशनस्टोअर-बॅकअप्स' नावाचा उपफोल्डर आहे. तो जसाच्या तसा दुसऱ्या जागी, म्हणजे डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर, कॉपी करायचा. हलवायचा नाही, कॉपीच करायचा. याला अर्धं मिनिट लागतं आणि यानंतर काहीही चुकलं तरी मागे येण्याचा रस्ता उरतो.

दुसरी पायरी तीन आडव्या रेघांच्या मेनूत. 'हिस्टरी'मध्ये 'नुकत्याच बंद केलेल्या विंडो' अशी यादी असते. इथे दोन नोंदी होत्या. विंडो बंद करताना जो टॅब समोर होता त्याचं शीर्षक यादीत दिसतं आणि सोबत बाकीच्या टॅबांची संख्या येते. मोठा आकडा दिसला की तीच आपली विंडो. त्यावर टिचकी मारली आणि १६३ टॅब, पिन केलेल्या सहांसह, परत आले.

ही यादी लांबलचक नसते, मोजक्याच विंडो तिच्यात मावतात. हरवलेलं सापडेना म्हणून कोणी चार-पाच नव्या विंडो उघडून बंद केल्या, तर त्यांच्या भरीने जुनी नोंद यादीबाहेर ढकलली जाऊ शकते. या प्रकरणात ब्राउझर एकदाच पुन्हा सुरू केला होता, म्हणून नोंद शाबूत राहिली.

विंडो परत आल्यावर लगेच एक शंका आली : पट्टीवर टॅब दिसतात, पण बरेचसे टिचकी मारेपर्यंत उघडत नाहीत. हा दोष नाही. परत आणलेले टॅब फायरफॉक्स मागणीनुसार उघडतो. समोरचा टॅब आणि पिन केलेले टॅब लगेच लोड होतात, बाकीच्यांचं फक्त शीर्षक आणि पत्ता जागेवर असतो. म्हणून १६३ टॅब एका झटक्यात आले तरी संगणक गुदमरला नाही.

अर्धा भरलेला अर्ज? लिहिलेला मजकूर सत्राच्या नोंदीत जपला जातो, त्यामुळे रकान्यांतलं बरंचसं परत आलं. पण त्या संकेतस्थळावरचं लॉगिन रात्रीत संपलेलं होतं. पानावर 'सादर करा' दाबलं असतं तर सर्व्हरने लॉगिनच्या पानाकडे पाठवलं असतं आणि मजकूर गेला असता. त्यामुळे आधी तो साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून घेतला, मगच लॉगिन केलं.

यादी रिकामी असती तर

हे इथे लागलं नाही, पण अशी वेळ येणाऱ्यांसाठी पुढचे रस्ते माहीत असलेले बरे.

कॉपी केलेल्या फोल्डरमध्ये चार प्रकारच्या फाइली सापडतात. 'रिकव्हरी' नावाच्या दोन चालू सत्राच्या असतात, एक ताजी आणि एक तिच्या आधीची. 'प्रीव्हियस' ही याआधी ब्राउझर नीट बंद झाला त्या वेळच्या सत्राची. आणि 'अपग्रेड'ने सुरू होणारी, जिच्या नावाला लांब आकडा जोडलेला असतो, ती ब्राउझरची आवृत्ती बदलली त्या वेळची. इथे 'प्रीव्हियस'वर विसंबणं चुकीचं ठरलं असतं. चूक झाली त्या संध्याकाळपर्यंत तिच्यात आदल्या दिवशीचे सगळे टॅब होते, पण सकाळी ब्राउझर उघडताच तिच्या जागी एकाच टॅबाचं नवं सत्र आलं. अशा वेळी उपयोगी पडते ती 'अपग्रेड'. ती काही आठवडे जुनी असेल, पण महिनोन् महिने साचलेले टॅब तिच्यात असतातच.

ती वापरायची तर फायरफॉक्स पूर्ण बंद करायचा. प्रोफाइल फोल्डरमध्ये, म्हणजे उपफोल्डरच्या बाहेर, 'सेशनस्टोअर' नावाची फाइल असते. ब्राउझर चालू असताना ती दिसत नाही, बंद केल्यावरच तयार होते. ती बाजूला काढून ठेवायची, 'अपग्रेड' फाइलची प्रत तिच्या जागी आणायची, तिला नेमकं तेच नाव आणि तोच विस्तार (नावातला टिंबानंतरचा भाग) द्यायचा आणि ब्राउझर सुरू करायचा. या फाइली फायरफॉक्सच्या स्वतःच्या पद्धतीने आवळलेल्या असतात, त्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून पत्ते वाचायचा प्रयत्न केला तर अगम्य चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली असं समजून ती पुसू नका.

शेवटचा रस्ता हिस्टरीचा, आणि तिथे एक खाचखळगा आहे. बहुतेक जण हिस्टरीत 'काल' उघडून बघतात आणि १६३ ऐवजी वीस-पंचवीसच पानं दिसली की हताश होतात. हिस्टरीत नोंद होते ती पान पाहिल्याची. टॅब नुसता उघडा असल्याची नोंद तिथे होत नाही. तीन महिन्यांपूर्वी उघडलेला आणि त्यानंतर कधीच टिचकी न मारलेला टॅब हिस्टरीत तीन महिन्यांपूर्वीच्याच तारखेला सापडणार. म्हणून तारखेने न शोधता शीर्षकातल्या शब्दांनी शोधायचं. क्रोममध्ये इथे आणखी एक मर्यादा आहे : तो स्थानिक हिस्टरी ९० दिवसच ठेवतो. त्याहून जुना, न पाहिलेला टॅब गेला तर हिस्टरीत त्याचा माग नसतो.

क्रोममध्ये ही चूक झाली तर सुरुवातीची पायरी जास्त सोपी आहे. कंट्रोल-शिफ्ट-टी दाबलं की शेवटचा बंद टॅब किंवा अख्खी विंडो परत येते. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीची. तीन ठिपक्यांच्या मेनूत हिस्टरीखाली 'इतके टॅब' अशी एकत्रित नोंदही दिसते. सत्राच्या फाइली प्रोफाइलमधल्या 'सेशन्स' फोल्डरमध्ये असतात, आणि प्रोफाइल कुठे आहे ते क्रोम://व्हर्जन या पानावर लिहिलेलं असतं. प्रत काढण्याचा नियम तिथेही तोच.

टॅब इतके साचले कशाने

सगळं परत आल्यावर पहिलं काम छाननीचं नव्हतं. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून पिन नसलेले टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये टाकले आणि फोल्डरला त्या दिवसाची तारीख दिली. यात पानाचं शीर्षक आणि पत्ता जातो. टॅबमधलं 'मागे' बटणामागचं पाऊलपाऊल, पान कुठपर्यंत वाचलं ती जागा, रकान्यांतला मजकूर हे काही जात नाही. तरी एवढ्याने निम्मी भीती जाते. शिवाय फायरफॉक्स बुकमार्कच्या रोजच्या प्रती आपोआप काढतो आणि १५ प्रती ठेवतो. बुकमार्क लायब्ररीतल्या आयात-बॅकअपच्या मेनूतून तारीख निवडून त्या परत आणता येतात. मात्र तसं केल्याने आत्ताचे सगळे बुकमार्क जाऊन त्या तारखेचे येतात, भर पडत नाही.

मग छाननी. 'टॅब कमी ठेवा' हा सल्ला सगळेच देतात, पण माणूस टॅब का ठेवतो हे पाहिल्याशिवाय तो निरुपयोगी आहे. या १६३ टॅबांत सरळ चार जाती निघाल्या.

सगळ्यात मोठा गठ्ठा नकलांचा होता. एकच शब्दकोश पाच ठिकाणी, एकच लेख तीन ठिकाणी. पत्त्याच्या पट्टीत नाव टाईप करताना फायरफॉक्स 'त्या टॅबवर जा' असं सुचवतो, पण घाईत पहिल्या ओळीवर एंटर मारला जातो आणि नवी नक्कल तयार होते. आधी टक्केवारीचं चिन्ह आणि एक जागा टाईप केली, तर शोध फक्त उघड्या टॅबांतच होतो. ही सवय या एका प्रकरणात सर्वांत उपयोगाची ठरली. नकला काढायला पट्टीच्या टोकाला असलेल्या 'सर्व टॅब' मेनूत 'नकला बंद करा' हा पर्याय आहे. जुन्या आवृत्तीत तो नसेल, तर ब्राउझर आधी अद्ययावत करा.

दुसरी जात 'नंतर वाचू'ची. या पानांचा पत्ता कायमचा असतो, म्हणून ती बुकमार्कमध्ये बिनधास्त जाऊ शकतात. ती तारखेच्या फोल्डरमध्ये आधीच गेली होती, तेव्हा टॅब बंद केले.

तिसरी रोजच्या कामाची : मेल, दिनदर्शिका, कामाची यादी. ती पिन राहिली.

चौथी जात सर्वांत नाजूक आणि सहसा दुर्लक्षित. काही पानांचा पत्ता जपला तरी पान जपलं जात नाही. शोधाचे गाळणे (फिल्टर) लावून मिळालेली यादी, अर्ज सादर केल्यावरची पोचपावती, लॉगिननंतर एकदाच बनणारा पत्ता, अर्धवट भरलेला अर्ज. असा टॅब बुकमार्क करून बंद केला तर पुन्हा उघडल्यावर रिकामं पान किंवा मुखपृष्ठ मिळतं. लोक शेकडो टॅब उघडे ठेवतात त्यामागे असा एखादा फटका असतो. एकदा बुकमार्कने दगा दिला की मग प्रत्येक टॅब हातात धरून ठेवावासा वाटतो. त्यामुळे बंद करण्याआधी पारख करायची : पत्ता कॉपी करून नव्या टॅबमध्ये उघडायचा. तेच दिसलं तर बुकमार्क पुरेसा. वेगळं दिसलं तर छपाईच्या पर्यायातून पीडीएफ म्हणून साठवायचं, किंवा ते काम तिथेच पूर्ण करायचं. अशी अकरा पानं निघाली. त्यातल्या नऊंची पीडीएफ केली, दोन अर्ज त्याच दिवशी भरून पाठवले.

चालू भाषांतराचे टॅब गटात बांधले. फायरफॉक्सला टॅबांचे गट २०२५ मध्ये मिळाले, क्रोमकडे ते २०२० पासून आहेत. गट मिटवून ठेवता येतो, त्याला नाव देता येतं. पण गट म्हणजे मांडणी, तिला साठवण समजू नये. गटाचं नाव दिलं म्हणून कायमचं जपलं गेलं असं धरून चालू नका. त्यातले पत्ते बुकमार्कमध्येही असू द्या.

सेटिंग

सेटिंगच्या 'जनरल' विभागात सर्वांत वर, सुरू होतानाचे मागचे टॅब उघडण्याचा पर्याय चालूच ठेवला. त्याच्याजवळ एकाहून अधिक टॅब बंद करताना विचारण्याचा पर्याय आहे, तो कधीतरी कंटाळून बंद केलेला होता. तो परत लावला. हा प्रश्न त्या संध्याकाळी आला असता तर १६३ चा आकडा डोळ्यांसमोर आला असता.

गोपनीयतेच्या विभागात दोन जागा तपासल्या, कारण त्या वरच्या पर्यायाला आतून कापतात. बंद होताना हिस्टरी पुसण्याचं सेटिंग चालू असेल आणि त्यात पाहिलेल्या पानांवर खूण असेल, तर सत्र परत येत नाही. आणि हिस्टरी 'कधीच लक्षात ठेवू नका' असं असेल, तर ब्राउझर कायम खाजगी पद्धतीने चालतो आणि खाजगी विंडोचं सत्र साठवलं जातच नाही. फक्त कुकी (संकेतस्थळांनी लॉगिनसाठी ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसण्याचं सेटिंग वेगळं आहे. तेवढंच चालू असेल तर टॅब येतात, पण लॉगिन गेलेली असतात.

सर्वांत महत्त्वाचा बदल सेटिंगमधला नव्हता, बंद करण्याच्या पद्धतीतला होता. फुलीऐवजी मेनूच्या तळाशी असलेलं 'एक्झिट' वापरायचं. विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-क्यू, लिनक्सवर कंट्रोल-क्यू, मॅकवर कमांड-क्यू. यामुळे सगळ्या विंडो एकत्र बंद होतात आणि सगळ्या मिळून एक सत्र बनतं. क्रम हा प्रश्नच उरत नाही.

संगणकाच्या स्मृतीची (मेमरीची) तक्रार शिल्लक होती : दुपारनंतर संगणक मंदावतो. इथे टॅबांची संख्या फसवते. न उघडलेले शंभर टॅब जवळजवळ फुकट असतात. एक सतत हलणारं पान मात्र सगळा भार खाऊ शकतं. अबाउट:प्रोसेसेस हे पान उघडलं की कोणत्या संकेतस्थळाची प्रक्रिया किती स्मृती आणि किती प्रोसेसर घेते ते दिसतं. क्रोममध्ये यासाठी शिफ्ट-एस्केप. बरेच दिवस न पाहिलेले टॅब तात्पुरते उतरवायला अबाउट:अनलोड्स आहे. क्रोममध्ये हेच काम 'परफॉर्मन्स' विभागातलं 'मेमरी सेव्हर' करतं. आवाज चालू असलेले, अर्धे अर्ज भरलेले किंवा डाउनलोड चालू असलेले टॅब ते वगळतं, आणि कायम जागं ठेवायच्या संकेतस्थळांची यादीही तिथे देता येते.

टॅब सांभाळणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकायचं का, हा प्रश्न आलाच. या प्रकरणात उत्तर 'नाही' असं ठरलं. न वापरलेले टॅब झोपवून स्मृती वाचवणारं क्रोमवरचं ग्रेट सस्पेंडर फार लोकप्रिय होतं. २०२० मध्ये मूळ निर्मात्याने ते दुसऱ्याच्या हाती सोपवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते काढून टाकलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्ये निष्क्रिय केलं. त्याने झोपवलेल्या टॅबांचा पत्ता एक्स्टेंशनच्या स्वतःच्या पानाचा असायचा, त्यामुळे ते सगळे टॅब एका फटक्यात गेले. खरा पत्ता त्या लांब पत्त्याच्या शेपटीत लपलेला असायचा आणि लोकांना तो हिस्टरीतून एकेक करून सोडवून घ्यावा लागला. टॅबचा पत्ता बदलणारं कोणतंही एक्स्टेंशन याच जोखमीचं असतं.

तपासणी

बदल केल्यावर ते प्रत्यक्ष पाहिले. आधी सगळं बुकमार्क केलेलं आहे याची खात्री केली. मग कामाच्या विंडोशेजारी एक नवी विंडो उघडून तिच्यात कोणतंही साधं पान ठेवलं आणि मेनूतल्या 'एक्झिट'ने ब्राउझर बंद केला. उघडल्यावर दोन्ही विंडो आल्या. मग मुद्दाम जुनी चूक केली, पण खऱ्या टॅबांवर नाही. चार फालतू टॅबांची एक विंडो आधी फुलीने बंद केली, मग 'एक्झिट'. उघडल्यावर ती चार टॅबांची विंडो आली नाही, अपेक्षेप्रमाणे ती नुकत्याच बंद केलेल्यांच्या यादीत मिळाली. कामाच्या विंडोत त्या दिवशी ३४ टॅब उरले होते. सहा पिन केलेले, बाकीचे दोन गटांत.